वरचा आकडा, खालचा आकडा

मार्च १९४४ च्या अखेरीस अमेरिकी नौदलाच्या बेथेस्डा इथल्या रुग्णालयात हॉवर्ड ब्रून या तरुण हृदयरोगतज्ज्ञासमोर एक रुग्ण आणला गेला. खोकला हटत नव्हता, थकवा जात नव्हता, म्हणून रुग्णाच्या मुलीनं तपासणीचा हट्ट धरला होता. नेहमीचे डॉक्टर रॉस मॅकिंटायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ, आणि त्यांच्या मते सर्दीपडशापलीकडे काळजीचं काही नव्हतं. ब्रूननी दंडाला पट्टा बांधला आणि रक्तदाब मोजला. वरचा आकडा १८६, खालचा १०८. हृदय वाढलेलं, फुप्फुसांत पाणी साचू लागलेलं. रुग्णाचं नाव होतं फ्रँकलिन रूझवेल्ट. दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं आणि नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरायला जेमतेम सव्वादोन महिने उरले होते.

हे आकडे अचानक उगवलेले नव्हते. १९३७ साली त्यांचा दाब १६२/९८ होता, १९४१ मध्ये १८८/१०५. म्हणजे किमान सात वर्षं तो चढत होता आणि कागदावर नोंदलाही जात होता. आज असा कागद घेऊन कुणी प्राथमिक आरोग्य केंद्रात गेला तर तिथली नर्ससुद्धा त्याला गोळी घेतल्याशिवाय घरी जाऊ देणार नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या अध्यक्षाला मात्र त्या सात वर्षांत या दाबावर कुणी काही दिलं नाही. ब्रूननी हृदयासाठी डिजिटॅलिस सुरू केलं, मीठ कमी करायला लावलं, सिगारेटी उतरवल्या, विश्रांती सांगितली. हृदयाला थोडा आराम पडला, पण दाब चढतच राहिला. रूझवेल्ट चौथ्यांदा निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला जाऊन चर्चिल आणि स्टालिन यांच्याशेजारी बसून फोटोही काढून आले. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे दुपारी चित्रकार त्यांचं व्यक्तिचित्र काढत असताना त्यांनी डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखतंय असं सांगितलं आणि ते कोसळले. ब्रूननी मोजलेला दाब होता ३००/१९०. मेंदूत रक्तस्राव. वय ६३.

ब्रूननी पुढे १९७० साली हे सगळं वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्यात एक गोष्ट ते नमूद करतात: अध्यक्षांनी आपल्या प्रकृतीबद्दल, या रोजच्या तपासणीबद्दल त्यांना कधी एक प्रश्नही विचारला नाही. याल्टाच्या त्या फोटोतल्या बाकीच्या दोघांचीही गत फार वेगळी झाली नाही. स्टालिन १९५३ मध्ये मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. चर्चिलना पक्षाघाताचे झटके येत राहिले आणि अखेर १९६५ मध्ये त्याच आजारानं त्यांना गाठलं.

रूझवेल्टच्या डॉक्टरांना निष्काळजी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या काळच्या वैद्यकाची समजूतच तशी होती. वयानुसार धमन्या कडक होतात. कडक धमन्यांतून रक्त पुढे ढकलायचं तर जोर जास्त लागणार. तेव्हा वाढलेला दाब हा शरीरानं स्वतःच काढलेला तोडगा आहे, त्याला हात लावाल तर मेंदूला आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडेल, असं चांगले चांगले प्राध्यापक शिकवत. १९३१ साली लिव्हरपूलचे जॉन हे यांनी तर उपरोधानं असं मांडलं होतं की, वाढलेल्या रक्तदाबाचा सर्वांत मोठा धोका म्हणजे तो सापडणं, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जातो. आज हसू येतं. पण त्या वेळी उतरवण्याची साधनंच अशी होती की, जॉन हे यांची भीती अगदीच अनाठायी म्हणता येत नाही.

हा दाब म्हणजे नेमकं काय? हृदय दर मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त धमन्यांत सोडतं. ठोका पडला की धमन्यांच्या भिंतींवर जो सर्वाधिक जोर येतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यात हृदय भरत असतं, पण ताणलेल्या धमन्या आखडून रक्त पुढे सरकवत राहतात. त्या वेळचा किमान जोर म्हणजे खालचा आकडा. १२० म्हणजे १२० मिलिमीटर उंचीचा पाऱ्याचा स्तंभ तोलून धरणारा जोर. पाऱ्याऐवजी रक्ताचाच स्तंभ धरला तर तो दीड मीटरहून थोडा उंच होईल.

हे गणित प्रत्यक्ष करून पाहणारा पहिला माणूस डॉक्टर नव्हता, पाद्री होता. इंग्लंडमधल्या टेडिंग्टन गावच्या स्टीफन हेल्स यांनी एका घोडीला आडवं बांधलं, तिच्या मांडीतल्या धमनीत पितळी नळी बसवली आणि तिला उंच काचेची नळी जोडली. रक्त ८ फूट ३ इंच चढलं. हेल्सनी १७३३ च्या पुस्तकात हे नोंदवलं आहे. आजच्या मापात तो दाब १९० च्या आसपास जातो. बांधलेल्या, घाबरलेल्या जनावराचा दाब याहून वेगळा कसा निघणार? दवाखान्यात खुर्चीवर बसताच ज्यांचा आकडा वीसेक अंकांनी चढतो, त्यांनी या घोडीची आठवण ठेवायला हरकत नाही.

धमनी न फोडता दाब मोजायला पुढे दीडशेहून जास्त वर्षं गेली. मधल्या काळातलं एक नाव आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. फ्रेडरिक अकबर महंमद हे लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधले डॉक्टर. त्यांचे आजोबा शेख दीन महंमद हे मूळचे पाटण्याचे. इंग्लंडमध्ये ब्रायटनला त्यांनी चंपी-मालिशचं स्नानगृह थाटून मोठं नाव कमावलं होतं. नातवानं १८७० च्या दशकात मनगटावरच्या नाडीचा आलेख काढणारं यंत्र सुधारून घेतलं आणि शेकडो माणसांच्या नाड्या तपासल्या. तोवर समजूत अशी की, दाब वाढतो तो मूत्रपिंड बिघडल्यावर. महंमद म्हणाले, क्रम उलटाही असतो. मूत्रपिंडं ठणठणीत असलेल्या, वरकरणी निरोगी माणसांतही दाब आधीच वाढलेला असतो, आणि मूत्रपिंड, हृदय, मेंदू नंतर बिघडतात. त्यांच्या हाती आकडा नव्हता, नुसता नाडीचा आलेख होता. १८८४ मध्ये विषमज्वरानं ते पस्तिशीतच गेले आणि त्यांचं म्हणणं जवळपास विसरलं गेलं.

पुढचं झटपट सांगता येईल. १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायचा, हवेनं फुगणारा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोटकोव यांनी पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज कधी सुरू होतो आणि कधी बंद पडतो ते ऐकायला सांगितलं, आणि वरच्या आकड्याच्या जोडीला खालचा आकडा मिळाला. त्यांचं टिपण पानभरही नव्हतं, पण स्टेथोस्कोपनं होणारी मोजणी आजही त्यावरच चालते.

या आकड्याचं महत्त्व डॉक्टरांच्या आधी ओळखलं ते विमा कंपन्यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच अमेरिकेत विमा उतरवताना रक्तदाब मोजणं सुरू झालं. दाब शरीराला हवा असतो की नको, या वादाशी कंपन्यांना देणंघेणं नव्हतं. कोण लवकर मरतो आणि पैसे कधी द्यावे लागतात, एवढंच त्यांना पाहायचं होतं. त्यांच्या तक्त्यांत सरळ दिसत होतं: जितका दाब जास्त तितकं आयुष्य कमी, आणि मधे कुठे सुरक्षित पायरी नाही. प्राध्यापकांना हे पटायला आणखी अर्धं शतक लागलं.

मूत्रपिंडाचं, डोळ्यांचं, मेंदूचं नुकसान होतं कसं, हे ठिबक सिंचन असलेल्या शेतकऱ्याला चटकन समजेल. मोटारीचा दाब प्रमाणाबाहेर गेला तर मेन लाइनला काही होत नाही. शेवटच्या बारीक नळ्या सुटतात, ड्रिपर निकामी होतात, आणि शेताच्या कडेची रोपं सुकली की मग लक्षात येतं. शरीरातही मोठ्या धमन्या जोर सोसतात. मार खातात त्या केसासारख्या बारीक धमन्या: मेंदूच्या तळाशी मोठ्या धमनीतून थेट फुटून आत शिरणाऱ्या, मूत्रपिंडातल्या लाखो गाळण्यांना रक्त पुरवणाऱ्या, डोळ्याच्या पडद्यावरच्या. जोर सोसायला त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. कुठे ती पार बुजते, कुठे भिंत फुटते. इकडे हृदयाचा डावा कप्पा रोज जास्त जोर लावून पैलवानाच्या दंडासारखा जाड होतो, आणि काही वर्षांनी थकतो. डोळ्याचा पडदा ही शरीरातली एकच जागा आहे जिथे या धमन्या न कापता पाहता येतात. १९३९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या कीथ, वॅगनर आणि बार्कर यांनी पडद्यावरच्या खुणांवरून रुग्णांच्या चार पायऱ्या पाडल्या. चौथ्या पायरीवरचे शंभरातले एकवीसच रुग्ण वर्षभरानंतर जिवंत होते. त्या काळच्या कर्करोगांपेक्षा हा हिशेब फारसा बरा नव्हता.

आता मुंबईत येऊ. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगतज्ज्ञ काम करत होते. त्यांनी हाती घेतलं ते औषध नवं नव्हतं. सर्पगंधेची मुळी कोकणापासून बिहारपर्यंत वैद्य देत आले होते: झोप न येणाऱ्याला, वेड लागलेल्याला, साप चावलेल्याला. १९३१ मध्ये कोलकात्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्यानं रक्तदाब उतरतो असं लिहिलं होतं. त्याच सुमारास सलीमुज्जमाँ सिद्दीकींनी दिल्लीत मुळीतली रसायनं वेगळी काढायला घेतली होती. वकिलांनी वेगळं केलं ते हे की, त्यांनी मोजलं. रुग्ण निवडले, औषधाआधी आणि नंतर दाब नोंदले, किती उतरला, किती दिवस उतरलेला राहिला, त्रास काय झाला ते मांडलं, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ला छापलं. पन्नास रुग्णांचा तो लेख बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, भारतातून औषध मागवलं आणि आपल्या रुग्णांना देऊन पाहिलं. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य रसायन, रेसर्पिन, शुद्ध स्वरूपात काढलं आणि ते जगभर गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकात नोबेलच्या खालोखाल याचं नाव घेतात. परळच्या त्या इमारतीसमोरून रोज हजारो माणसं जातात. त्यांतल्या कितींना हे ठाऊक असेल कोण जाणे.

रेसर्पिन रक्तवाहिन्या आवळणाऱ्या नसांच्या टोकांतला रसायनाचा साठा रिकामा करतं, म्हणून वाहिन्या सैलावतात. त्याची किंमतही होती: नाक चोंदायचं, सुस्ती यायची, काही रुग्ण खोल उदासीत जायचे. आज ते जवळजवळ मागे पडलं आहे, आणि कुणी घरच्या घरी सर्पगंधेची पूड घेऊ नये, हे बजावून सांगायला हवं. मुळीत रसायन किती आहे याचा काही भरवसा नसतो. पण एका ऐतिहासिक परीक्षेत हे औषध बसलं होतं. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या रुग्णालयांत १४३ पुरुष निवडले, खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले. अर्ध्यांना तीन औषधं, त्यांतलं एक रेसर्पिन. अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. दीडेक वर्षात पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांना गंभीर इजा झाली: पक्षाघात, हृदय थकणं, मृत्यू. औषधाच्या गटात दोघांना. १९६७ मध्ये हा निकाल छापला गेला आणि ‘हात लावू नका’ हे तत्त्वज्ञान तिथे संपलं. रूझवेल्टना जाऊन बावीस वर्षं झाली होती.

मग वाद उरला तो रेघेचा. किती म्हणजे जास्त? मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ जणांची वर्षानुवर्षं तपासणी चालली होती. तिनं आणि तिच्यासारख्या अनेक पाहण्यांनी विमा कंपन्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. दहा लाख माणसांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसलं की, चाळीस ते सत्तर वयात ११५/७५ पासून वर, वरचा आकडा दर २० नी किंवा खालचा दर १० नी वाढला की हृदयविकारानं आणि पक्षाघातानं मरण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. म्हणजे निसर्गात रेघ नाहीच, ती माणसं आखतात. आपल्याकडे अजून १४०/९० धरतात, अमेरिकेनं २०१७ पासून १३०/८० धरली आहे. १३८ आला म्हणून निश्चिंत होणं आणि १४२ आला म्हणून हादरणं, दोन्ही मला तितकंच निरर्थक वाटतं.

एका मोजणीवरून तर काहीच ठरवू नये. पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर हृदयाच्या पातळीत, पट्टा बाहीवर नाही तर उघड्या दंडावर. अर्धा तास आधी चहा, तंबाखू नाही, लघवी तुंबवलेली नाही. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. आपल्या बहुतेक दवाखान्यांत माणूस जिना चढून, रांगेत ताटकळून, “बीपी बघा हो जरा” म्हणत टेकतो आणि मोजणी चालू असतानाच गुडघेदुखीची कथा सांगतो. घरचं यंत्र म्हणूनच उपयोगी. तिथे रेघ थोडी खाली, १३५/८५, धरतात. मोजणीआधीच्या तंबाखूचं विचारताना एक ध्यानात ठेवावं: मशेरी लावणाऱ्या बायकांना तंबाखूबद्दल विचारलं की त्या नाही म्हणतात, कारण मशेरी त्यांच्या लेखी तंबाखूत मोडत नाही. डॉक्टरनं ती नाव घेऊन विचारावी.

कारण शोधायला गेलं तर दहांतल्या नऊ जणांत एक असं कारण सापडत नाही. वय, अनुवंश, वजन, दारू, बैठं काम, ताण, आणि मीठ. उरलेल्यांत मूत्रपिंडाची अरुंद झालेली धमनी असते, अधिवृक्क ग्रंथीची गाठ असते, रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या असतात. खोकल्यासाठी महिनोन्‌महिने चघळलेलं ज्येष्ठमधही दाब वाढवतं, हे अनेकांच्या ध्यानी नसतं. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर चढणारा दाब ही स्वतंत्र आणि फार घातक गोष्ट आहे. तिथे दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो.

मिठाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक जवळजवळ मीठ खातच नाहीत. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९५/६१ निघाला, आणि तो म्हातारपणीही चढत नव्हता. म्हणजे ‘वय झालं की बीपी यायचाच’ हा काही निसर्गनियम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ सांगते, साधारण एक चहाचा चमचा. आपलं याच्या दुपटीकडे झुकतं. भाजी-आमटीतलं मीठ नजरेसमोर असतं. पण पापड, लोणचं, सांडगे, खारवलेली मिरची, सुकट, फरसाण, वडापावबरोबरची सुकी चटणी यांतलं कोण मोजतो? ताटात डावीकडे वाढलेलं मीठ बंद करणं हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात जास्त विरोध होणारं काम. चीनच्या ६०० खेड्यांत एक चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलं मीठ देऊन पाहिलं, तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र हे मीठ डॉक्टरना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांच्या रक्तात पोटॅशियम साचून हृदयाचा ताल बिघडू शकतो.

सैंधवात, काळ्या मिठातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असतं. याबद्दल घरोघरी वाद होतात, इथे वाढवत नाही.

खरी अडचण गोळीपाशी येते. “मला काही त्रासच नाही, गोळी कशाला?” आणि “एकदा लागली की सुटत नाही.” पहिलं वाक्य खरंच असतं. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. डोकं दुखलं की बीपी चढला आणि नाही दुखलं की उतरला, हा समज घातक आहे. दुसऱ्याचं उत्तर असं की, गोळी थांबवली की दाब परत चढतो तो मुळात होता म्हणून, गोळीनं आणला म्हणून नव्हे. वजन उतरलं, मीठ सुटलं तर काहींची गोळी कमी होते, क्वचित बंदही होते, पण ती डॉक्टरनं करायची. काही गोळ्या अचानक सोडल्या तर दाब उसळतो. अॅम्लोडिपीननं पाय सुजले तर गोळी फेकून न देता सांगायला यावं, दुसऱ्या बऱ्याच आहेत. आणि दाब जास्त निघाला म्हणून जिभेखाली गोळी ठेवून तो झपाट्यानं पाडण्याची जुनी रीत सोडून द्यावी; एकदम उतरलेला दाबही मेंदूला उपाशी ठेवतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, जीभ अडखळली, तर मात्र बीपी मोजत बसू नये, १०८ ला फोन करावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के वाढलेल्या रक्तदाबाचे निघाले. २०१७ च्या सुमारास सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते. त्यात नवं औषध काहीच नव्हतं. सगळ्यांना एकच ठरलेली पद्धत: आधी अॅम्लोडिपीन, पुरेना तर जोडीला टेल्मिसार्टन, मग लघवीवाटे मीठ काढणारी गोळी. महिन्याची गोळी एकदम द्यायची, तीही शक्यतो घराजवळच्या उपकेंद्रातून; प्रत्येकाचं कार्ड ठेवायचं, आणि जो आला नाही त्याला फोन करायचा. हृदयरोगतज्ज्ञाची गरज यात फार थोड्यांना लागते. गळती होते ती कमावत्या पुरुषांची, कारण केंद्र उघडं असतं त्या वेळेत त्यांची मजुरी चालू असते. आणि सिंधुदुर्गात तर कार्ड गावच्या केंद्रात आणि माणूस लालबागला किंवा नालासोपाऱ्याला, गणपतीला आला की चार दिवस. त्याची पुढची गोळी कुठल्या केंद्रानं द्यायची, आणि तो आला नाही तर फोन कुणी करायचा, हे काही त्या कार्डावर लिहिलेलं नसतं.